एका श्वासाची बातमी

"संपली," झोया पावलोव्हना म्हणाली.

"काय संपलं?"

"अक्षरं. याच्यापुढे लिहिता येणार नाही म्हणतंय. आणि तू अजून बातमीवर आलेलीच नाहीस, बाई."

मी फोन तिच्या हातातून घेतला आणि पुन्हा वाचून पाहिलं. सगळं रीतसर होतं. सारी-तेरेकच्या सगळ्या थोरामोठ्यांना सलाम. तब्येती बऱ्या आहेत ना? लेकी-सुना, नातवंडं खुशाल? गुरंढोरं धडधाकट? हिवाळ्याचा चारा भरून झाला का? आमच्याकडे रस्त्यात ओळखीचं माणूस भेटलं तरी एवढं विचारल्याशिवाय कुणी पुढचं तोंड उघडत नाही. इथे तर अख्ख्या गावाशी बोलायचं होतं. निम्मंसुद्धा विचारून झालं नव्हतं.

"बातमी काय होती तुझी?" झोयाने विचारलं.

"घाट बंद झालाय. रात्री बर्फ पडला."

"छान! म्हणजे लोकांच्या गुरांची चौकशी करता करता तू लोकांना बर्फात पाठवलंस. पूस ते सगळं."

झोया पावलोव्हना आमच्या गावच्या रेडिओची संपादक होती आणि मी बातम्या वाचणारी. माझ्या कागदांवर लाल पेन्सिल चालवण्यात तिचं आयुष्य गेलं. निवृत्त झाली तरी बोटं काही शांत बसत नव्हती. तिच्याच स्वयंपाकघरात, टेबलावरची जॅमची बाटली बाजूला सारून, आम्ही दोघी हा उद्योग करत बसलो होतो.

"मोठ्याने वाच," ती म्हणाली. "एका श्वासात वाचून झालं तर पाठव. दम लागला तर खोड. एवढा एकच नियम ठेव."

मी पुसलं आणि लिहिलं: 'घाट बंद. बर्फ आहे. जनावरं घेऊन निघू नका. सालकिन.' मोठ्याने वाचलं. श्वास उरला.

"आता कशी बातमी झाली," झोया म्हणाली.

मला मात्र ते भलतंच उद्धट वाटत होतं. सलाम नाही, दुआ नाही, थेट 'घाट बंद'. एखाद्याच्या घरात बूट न काढता शिरावं तसं. पण संध्याकाळपर्यंत ते गावभर फिरलं आणि कुणीही मला उद्धट म्हटलं नाही.

रेडिओ त्याच शरद ऋतूत बंद झाला होता. 'आता रेडिओ कोण ऐकतं?' एवढं एक वाक्य ऐकवून वरच्या साहेबांनी खोलीला कुलूप लावलं. मला पोस्टाच्या खिडकीवर बसवायला तयार होते. मी म्हटलं, तिकिटं चिकटवायला मी आवाज कमावला नाही. माझा नवरा केनेश गाडीच्या चाकाशी झटत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "मग आता तू कोण?"

"बातमीदार."

"कुणाची?"

"माझी मी."

म्हणून फोनवरचं ते खातं, लिहिलं की गावभर वाचता येणारं. त्यात नाव लिहायचं, काम काय ते लिहायचं, फोटो लावायचा. कामाच्या रकान्यात मी ठसठशीत 'बातमीदार' लिहिलं. नावाच्या रकान्यात लिहिलं 'सालकिन'. पुढे आडनाव विचारत होतं. मी बोट उचललं. झोयाला आमच्या रीती पाठ आहेत. "राहू दे," ती म्हणाली. "रेडिओवर तरी कुठे सांगायचीस?"

आमच्यात सून सासऱ्यांचं नाव घेत नाही, नवऱ्याच्या थोरल्या भावांचंही घेत नाही. मरेपर्यंत नाही, ते मेल्यावरही नाही. त्यांना काहीतरी दुसरं म्हणायचं आणि निभावून न्यायचं. माझं सासरचं आडनाव सासऱ्यांच्या नावावरूनच झालेलं, त्यामुळे मला माझंच आडनाव उच्चारता येत नसे. सासरे सामुदायिक शेतीवर मुख्य मेंढपाळ होते. दर वसंतात लोकरीच्या बातमीत त्यांचं नाव यायचं. मी बातम्या वाचत वाचत तिथवर आले की कागद शेजारच्या निवेदकापुढे सरकवायची. तो तेवढी एक ओळ वाचायचा आणि कागद परत द्यायचा. ऐकणाऱ्यांना बाईच्या बातम्यांत मध्येच एक पुरुष शिंकून गेल्यासारखं वाटायचं. गाव हसायचं. पण माझी सासू, आमची एने, शेजारणींना सांगत फिरायची, "माझ्या सुनेनं सरकारच्या यंत्रातसुद्धा रीत मोडली नाही."

एने माझी फार लाडकी. ती आमच्या शेजारी, सगळ्यात धाकट्या दिराकडे राहते. मध्ये फक्त एक बुटकी भिंत. तिला लिहिता-वाचता येत नाही. सकाळी सातला भिंतीवरच्या रेडिओचं बटण पिळायची, माझा आवाज ऐकायची आणि मगच तोंडात घास घालायची. रेडिओ बंद झाल्यावरही तिने ते खोकं उतरवू दिलं नाही. सातला बटण पिळतेच. खरखरसुद्धा येत नाही आता. दुपारचा चहा मात्र मी तिच्याकडे जाऊन स्वतः ओतायची. तिला कटोरी अर्धीच भरलेली लागते आणि दूध आधी लागतं. धाकट्या जावेला ते अजून जमत नाही.

खातं हळूहळू चालायला लागलं. बाजारामागे एक शिंग मोडलेली तांबडी गाय फिरतेय, मालकाने न्यावी. खालच्या आळीत दुपारपर्यंत वीज नाही. दाताचा डॉक्टर आलाय, रांग लावा. सगळं एका श्वासात. बाजारात बायका कोपराने ढोसून म्हणायच्या, "काय सालकिन, आज काय श्वास सोडलास?" मला आवडायचं. खोटं कशाला बोलू? रेडिओवर मी दुसऱ्यांच्या बातम्या वाचायची. या माझ्या होत्या.

थंडी चढली आणि कुणीतरी मला लिहिलं, शाळेत एकदा येऊन बघा. मी गेले. पोरं टोप्या-हातमोज्यांसकट बाकांवर बसली होती. पेनची शाई गोठायची म्हणून लिहिण्याआधी पेन तोंडात धरून गरम करत होती. बॉयलरच्या खोलीत काझिबेक रिकाम्या भट्टीसमोर फावडं घेऊन उभा होता. आयुष्यभर त्याच भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस.

"कोळसा आला नाही का रे?"

"आला होता, एजे," तो म्हणाला. मोठ्या बहिणीला आमच्याकडे एजे म्हणतात. "गाडी फाटकापर्यंत आली. मग ड्रायव्हरला फोन आला आणि गाडी फिरली."

"कुठे फिरली?"

"ते माझ्या तोंडून कशाला काढताय?" तो फावड्याकडे बघत म्हणाला. "थोड्या दिवसांत तुमच्याच घरचं कार्य आहे. तिथे गार लागतं का बघा."

कार्य होतं माझ्या थोरल्या दिरांच्या नातवाचं. पोर पहिली पावलं टाकायला लागलं की पायातला दोरा कापतात, तो समारंभ. थोरल्या दिरांना मी 'मोठे आके' म्हणते. नगरपालिकेत ते उपप्रमुख आहेत. गावाचं इंधन, बॉयलर, सगळं त्यांच्या हाताखाली. आणि मुख्य रस्त्यावरचा समारंभाचा नवा हॉलही त्यांचाच.

हॉल असा तापला होता की पाहुण्यांनी कोटच काय, स्वेटरसुद्धा काढून ठेवले होते. खिडक्यांना घाम सुटला होता. मी घरची केलिन, म्हणजे सून, त्यामुळे चहाच्या समोवारपाशी बसून कटोऱ्या भरत होते. पाणी आणायला मागच्या दाराने बाहेर गेले, तर ताडपत्रीखाली कोळशाचा ढीग. कमरेएवढा. स्वयंपाकघरात गाडीचा ड्रायव्हर मटणाचं हाड चोखत बसला होता.

"हा कोळसा शाळेचा का?" मी सरळच विचारलं.

"हो, शाळेचाच," तो म्हणाला, वेळ विचारल्यासारखा. "आके म्हणाले, इथे रिकामी कर. तळलेले बोरसोक उरलेत का हो?"

एकाने शाळेत सांगितलं, दुसऱ्याने इथे, आणि ढीग माझ्या डोळ्यांसमोर. झोयाने एवढ्यावर बातमी सोडली असती. फक्त एक गोष्ट राहिली होती. ज्याच्याविषयी बातमी, त्याला विचारल्याशिवाय आम्ही कधीही वाचली नाही.

जेवण वाढण्याआधी थोरांच्या हातांवर पाणी घालायचं होतं. झारी माझ्या हातात आली. एकेकाच्या हातावर पाणी घालत मी मोठ्या आकेंपाशी पोहोचले. मान खाली होती, तशीच ठेवली.

"आके, शाळेचा कोळसा हॉलमागे पडलाय. मी बातमी देतेय. तुमचं म्हणणं काय लिहू?"

त्यांचे हात क्षणभर थांबले. मग ते हसले. मनापासून हसले, हेच मला जास्त लागलं.

"ऐकलंत का? रेडिओ बंद झाला, पण आमची केलिन काही बंद होत नाही." शेजारचे म्हातारे कौतुकाने माना हलवत होते. "लिही की! मी कुठे नको म्हणतोय? पण बातमीत नाव लागतं, पोरी. कसं लिहिशील? 'आमच्या थोरल्या घरचे ते' असं?"

सगळे खो खो हसले. मोठे आके हात पुढे करून म्हणाले, "घाल पाणी. साबण राहिलाय."

मी पाणी घातलं. दुसरं काय करणार होते, झारी माझ्याच हातात होती. पण अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. त्यांना पक्कं ठाऊक होतं की माझ्या तोंडाला कुलूप आहे आणि किल्ली त्यांच्या नावातच आहे. म्हणून तर एवढे बिनधास्त होते.

घरी येऊन मी लिहिलं: 'शाळेत कोळसा नाही. आलेला कोळसा एका जबाबदार माणसाने दुसरीकडे वळवला. पोरं गारठली आहेत. सालकिन.' एका श्वासात वाचलं. रीतही सांभाळली, बातमीही दिली, असं मला वाटलं. काय वाटेल ते वाटतं माणसाला.

खाली लोकांनी विचारायला सुरुवात केली. कोण? नाव काय? नाव लिहायला भीती वाटते? एकाने लिहिलं, 'ही बातमी की कोडं?' मी कुणालाच उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेने कागद डकवला. माझेच शब्द उचलले होते. शाळेच्या कोळशाबाबत जबाबदार माणसाला कामावरून काढलं आहे. दुपारी काझिबेक आमच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तर येईना.

"एजे, तो जबाबदार माणूस म्हणे मी आहे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "बाजारात लोक माझ्याकडे बघतात. पोरांचा कोळसा विकला म्हणतात. मी म्हटलं, तुम्हाला एकदा विचारून यावं. तुम्ही मलाच म्हणत होता का?"

एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. मी म्हटलं, "काझिबेक, घरी जा आणि फावडं विकू नकोस." त्याला ते समजलं की नाही कोण जाणे. तो गेला.

मी तशीच झोयाकडे गेले. ती पिठाने माखलेल्या हातांनी ऐकत राहिली.

"मी काही सांगणार नाही," ती म्हणाली. "तुझं घर, तुझी रीत. मला उद्या तुझ्या सासरी राहायचं नाहीये."

"माझ्या बातमीचा असा कागद तुम्ही मला रेडिओवर वाचू दिला असता?"

"बिननावाचा? तुझ्या डोक्यात घातला असता."

केनेश अंगणात मेंढ्यांना चारा टाकत होता. त्याला मी सगळं सांगितलं.

"माझा सख्खा भाऊ आहे तो, सालकिन."

"आणि काझिबेक कुणाचाच कुणी नाही, म्हणून चालेल?"

"मी चालेल म्हटलं का? पण एनेचं काय?" त्याने चाऱ्याची आणखी एक पेंढी सोडली. "हे बघ, लिहायचंच असेल तर मी गाडी घेऊन बाहेर गेल्यावर लिही. कुणी विचारलं तर मला म्हणता येईल, मला माहीत नव्हतं."

"मुळीच नाही. तू घरात असतानाच लिहिणार. विचारलं तर सांग, माहीत होतं."

तो गाडी घेऊन गेला नाही. चुलीशी येऊन बसला आणि उगाच लाकडं सारखी करत राहिला.

मी लिहिलं: 'शाळेचा कोळसा नगरपालिकेचे उपप्रमुख ओरोझाली यांनी स्वतःच्या हॉलमागे उतरवून घेतला. मी पाहिला. त्यांना विचारलं, ते हसले. काझिबेकचा काही दोष नाही.' खाली 'सालकिन' लिहिलं आणि थांबले. रीत एकदा मोडायचीच, तर अर्धी कशाला? खात्यात जाऊन तो रिकामा रकाना भरला आणि बातमीखाली लिहिलं, सालकिन मेदेरोवा. मोठ्याने वाचायचा नियम होता, पण जीभ वळेना. त्या दिवशी पहिल्यांदाच मी न वाचता बातमी सोडली.

मग गावाने जे व्हायचं ते केलं. कुणी म्हणालं शाब्बास, कुणी म्हणालं निर्लज्ज. एका बाईने लिहिलं, 'आम्ही मुलींना आता काय शिकवायचं?' मी उत्तर दिलं, 'खरं बोलायला शिकवा.' ताडपत्री निघाली. त्याच ड्रायव्हरने, त्याच गाडीतून कोळसा शाळेत नेऊन ओतला. काझिबेकला परत बोलावलं. माफी कुणी मागितली नाही. मोठे आके अजून त्याच खुर्चीवर आहेत, ती एवढ्याने हलत नाही. त्यांच्या घरून आमच्याकडे कार्याची आमंत्रणं मात्र बंद झाली, आणि थोरली जाऊ रस्त्यात मला बघून बाजू बदलते. बदलू दे. रस्ता रुंद आहे.

एनेने निरोप पाठवला, ये.

ती खिडकीशी बसली होती, मुक्या रेडिओच्या खोक्याखाली. धाकटी जाऊ समोवारपाशी होती, माझ्या नेहमीच्या जागी. मी सलाम केला. एनेने मान हलवली.

"वाच," ती म्हणाली.

"एने, तुम्हाला कळलंय की सगळं."

"लोकांनी सांगितलं. लोक काय, वाट्टेल ते सांगतात. तू वाच. सातला वाचायचीस तशी."

मी फोन काढला. घसा खाकरला आणि सुरुवात केली. शाळेचा कोळसा, नगरपालिकेचे उपप्रमुख... आणि थांबले. लिहिताना बोटं होती, इथे जीभ होती. त्या घरात, त्या छपराखाली, कुठल्याच सुनेने ते नाव कधी घेतलं नव्हतं. ज्या बाईने ते नाव ठेवलं, ती समोर बसली होती.

"थांबलीस कशाला?" एने म्हणाली. "रेडिओवर कधी अडखळली नाहीस. पहिल्यापासून घे."

मी पहिल्यापासून घेतलं. ओरोझाली म्हटलं, स्पष्ट. पुढे वाचत गेले. काझिबेकचा काही दोष नाही. सालकिन मेदेरोवा. जावेच्या हातातली कटोरी बशीवर वाजली. एने खिडकीबाहेर बघत होती.

"खरं आहे?"

"खरं आहे, एने."

"हसला तो?"

"हसले."

"वाचलंस नीट," ती म्हणाली.

मला बरं वाटलं. वेडीच मी. सवयीने उठले, दुधाचं भांडं घेतलं आणि तिच्या कटोरीशी वाकले. तिने कटोरीवर तळहात ठेवला.

"नको," ती म्हणाली. "तुझ्या हातचा आता नको. माझा थोरला आहे तो."

मी भांडं होतं तिथे ठेवलं. आत काहीतरी तुटलं, ते मला ऐकू आलं. पण मी तिच्यासमोर रडले नाही. रडले असते तर तिला वाटलं असतं मला पस्तावा झालाय, आणि पस्तावा झालेला नव्हता. रुमाल नीट बांधला आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात उभी राहून पहिली बातमी वाचून बघत होते, श्वास पुरतो का ते. थंडीत आवाज लांब जातो. वाचता वाचता भिंतीपलीकडे काहीतरी करकरलं. एनेच्या खिडकीची वरची छोटी झडप उघडली होती. आतली ऊब वाफ होऊन बाहेर येत होती.

त्यानंतरच्या दिवशी मी भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. सात वाजले होते. झडप उघडली.

आता रोजचंच झालंय. आतून जावेचा आवाज येतो, "एने, घर गारठतंय, लावा ना ती झडप!" एने म्हणते, "गारठू दे." चहाला मला कुणी बोलवत नाही, आणि मीही कधी ते फाटक उघडून आत गेले नाही. बर्फात उभी राहून वाचते, घाट, वीज, कुणाची गाय, कुणाचा दोष. सगळ्यात शेवटी माझं नाव सांगते, आडनावासकट. ते ऐकून झाल्याशिवाय झडप बंद होत नाही.